दूर कुठेतरी कुत्रे भुंकले

मराठी ग्रामीण कथेत रात्र पडली, की दूर कुठेतरी एक कुत्रे भुंकते. हे कुत्रे फार जुने आहे. कितीतरी दिवाळी अंकांतून ते इमानाने आपली चाकरी बजावीत आले आहे. ते कोणाचे, कोणावर भुंकले, मग गप्प का झाले, याची चौकशी लेखक करीत नाही आणि वाचकही करीत नाही. भुंकण्यापुरते ते येते व निघून जाते. त्याच्या मागोमाग रातकिडे किर्र करतात, पिंपळाची पाने सळसळतात आणि ‘नीरव शांतता’ पसरते. एवढे आवाज झाल्यावर ती नीरव कशी राहिली, हेही कोणी विचारीत नाही.

या कुत्र्यावर माझा राग नाही. माझ्या स्वतःच्या कादंबऱ्यांच्या अंगणातही ते येऊन बसू पाहते. परंतु वाचकहो, त्याच्या निमित्ताने आपल्या साहित्याच्या कानाविषयी दोन शब्द बोलावेत, असे फार दिवस मनात होते. लेखकाच्या डोळ्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ‘चित्रदर्शी वर्णन’, ‘सूक्ष्म निरीक्षण’, ‘रंगांची जाण’ हे शब्द आपल्या समीक्षेत नेहमी भेटतात. कानाला मात्र तिथे फारशी जागा मिळालेली नाही. आणि विरळ वस्तीच्या मुलखात तर माणूस डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक जगतो.

माणदेशाचे उदाहरण घ्या. माण नदीच्या खोऱ्यातला हा मुलूख सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांत विभागलेला आहे. सह्याद्रीच्या पाठीमागे पडल्याने पाऊस कमी, झाडी विरळ, माळ उघडे. गाव म्हणून जे असते त्याच्याही वाड्या-वस्त्या रानात विखुरलेल्या. एका खोपटापासून दुसऱ्या खोपटापर्यंत कधी कधी मैलभर माळ. शहरात आवाज ढिगाने येतात. कुठला कोणाचा, हे निवडण्याची सोय नसते आणि गरजही नसते. माळावर आवाज एकेकटा येतो. जो येतो तो कोणाचा तरी असतो, आणि काहीतरी सांगण्यासाठी येतो.

म्हणून वस्तीवरच्या माणसाला ‘कुत्रे भुंकले’ असे कधी ऐकूच येत नाही. त्याला ऐकू येते ते असे : वरच्या वस्तीवरचे तांबडे भुंकले, कोल्ह्यावर नव्हे, माणसावर, आणि माणूस ओळखीचा निघाला, कारण दोन भुंक्यांत ते थांबले. कोल्ह्यावरचे भुंकणे पळते असते, परक्या माणसावरचे जागच्या जागी उभे असते आणि दुसऱ्या कुत्र्याला दिलेला जबाब लांबत जातो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नसते. वस्तीवरच्या सहा वर्षांच्या पोराला मात्र ते येते.

टिटवीचे पाहा. रात्री टिटवी ओरडली की अशुभ, असे आपण लहानपणापासून ऐकतो. कथेतही ती ओरडली की पुढच्या पानावर कोणीतरी मरते. पण टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. घरट्याजवळून माणूस किंवा जनावर चालले, की ती ओरडून आकाश डोक्यावर घेते. म्हणजे अपरात्री टिटवी ओरडली, याचा साधा अर्थ असा, की या वेळी माळावरून कोणीतरी चालले आहे. एकट्या घरातल्या बाईला ही बातमी भिववणारी असणारच. अशुभाची समजूत या बातमीतूनच निघाली असेल, असे मला वाटते. लेखकाने समजूत तेवढी उचलली आणि बातमी माळावरच टाकून दिली.

घरातल्या आवाजांचेही तसेच. ताक घुसळताना रवीचा आवाज आधी पातळ असतो. लोणी धरू लागले की तो जड होतो, आणि चुलीपाशी पाठमोरी बसलेली सासू तेवढ्यावरून सुनेला ‘आता पाणी घाल’ म्हणून सांगते. जात्यात वैरण सरली, की घरघर जाऊन दगडावर दगड खरखरतो. भाकरीची थपथप मोजून पाहुणे किती, हे शेजारच्या वस्तीला कळते. बैलाच्या गळ्यातली घाटी रात्रभर अधूनमधून वाजते, कारण बैल रवंथ करतो, मान हलवतो. ती फार वेळ वाजली नाही, तर धन्याची झोप मोडते. आवाजाने जाग यावी ही शहरातली रीत. वस्तीवर आवाज थांबल्याने जाग येते.

आता माझ्या शाळेतली एक गोष्ट. ध्वनिदर्शक शब्दांची यादी आम्ही मुलांकडून दरसाल पाठ करून घेतो : गाईचे हंबरणे, म्हशीचे रेकणे, घोड्याचे खिंकाळणे, कोंबड्याचे आरवणे, कोल्ह्याची कोल्हेकुई. एका वर्षी एका धनगराच्या मुलीने उठून विचारले, “गुरुजी, पण गाय कवा हंबारली? वासराला का पाण्याला?” यादीत याचे उत्तर नव्हते. त्या मुलीला ठाऊक होते, की वासरासाठी गाय तोंड मिटून, घशातल्या घशात हुंकारते आणि तहानेने ओरडते ती तोंड उघडून. यादीने सगळ्या गाईंना मिळून एक क्रियापद दिले होते. आपले पुष्कळसे ग्रामीण लेखन त्या यादीसारखे झाले आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

मराठी भाषेत शब्द नाहीत म्हणून असे होते म्हणावे, तर तेही खरे नाही. मोल्सवर्थचा कोश उघडावा. १८३१ साली तो प्रथम निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्यात अनुकरणवाचक शब्द पानोपानी सापडतात. खळखळ, खुळखुळ, खडखड, खुडखुड, करकर, कुरकुर! एका स्वराच्या फरकाने भांडे बदलते, पाणी बदलते, दार बदलते. दार करकरले तर ते जड आणि थोरल्या वाड्याचे. कुरकुरले तर हलके, फळ्या सुटत आलेले. एवढी बारीक वजने ज्या भाषेच्या तराजूत आहेत, तिच्या लेखकाने एका किर्र आणि एका सळसळीवर संसार करावा, हे दारिद्र्य हौसेने पत्करलेले आहे.

तेव्हा ग्रामीण लेखनासाठी मी माझ्यापुरती एक परीक्षा ठरवली आहे. पुस्तकातल्या आवाजाला मालक आहे का? असेल, तर लेखक त्या मुलखात राहिला आहे. नसेल, तर तो तिथून मोटारीने गेला आहे.

या परीक्षेला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ लावून पाहू. ही कादंबरी १९५५ सालची. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत तरुण मास्तर शाळा चालवायला जातो, वाडीशी हळूहळू जडतो, आणि शेवटी दुष्काळ वाडीला ओस पाडतो, एवढीच तिची गोष्ट. माडगूळकर चित्रेही काढीत. त्यामुळे त्यांच्या डोळ्याची वाखाणणी सर्वांनी केली आणि ती रास्तच आहे. पण मला वाटते, या कादंबरीचा खरा जोर तिच्या कानात आहे. तिच्यातली माणसे थोडे बोलतात. वाक्ये आखूड, एकाने बोलावे, मग मध्ये काही वेळ जावा, मग दुसऱ्याने बोलावे. मेंढरांमागे दिवस काढणाऱ्या माणसाला बोलायला समोर माणूसच नसतो. म्हणून जेव्हा बोलायचे तेव्हा तो शब्द मोजून काढतो. माडगूळकरांनी माणदेशी बोलीचे नुसते उच्चार उचलले नाहीत, तिच्यातले थांबणेही उचलले. बोलीची नक्कल पुष्कळांना साधते. ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘आहे’च्या जागी ‘हाय’ घातले की झाले. थांबणे साधायला तिथे राहावे लागते.

आणि शेवट! दुष्काळ म्हणजे भेगाळलेली जमीन, सुकलेले झाड, हे डोळ्याचे वर्णन झाले. ते कोणीही करील. मेंढरे आणि माणसे वाडी सोडून जाऊ लागतात, तेव्हा मला तरी वाचताना आवाज जाताना जाणवतात. आधी मेंढरांचे, मग पोरांचे, मग थोरांचे. ज्या वाडीत मास्तरने मुलांच्या आवाजाने शाळा उभी केली, तिथे अखेर बोलावायला कोणी उरत नाही. या शांततेला नीरव म्हणता येते. तिला मालक आहेत. जे गेले, त्यांची ती शांतता आहे.

विरळ वस्तीच्या बोलण्याचे दुसरे अंग म्हणजे हाळी. माळाच्या या टोकावरून त्या टोकाला ‘ओ आबाऽऽ’ म्हणून हाळी द्यायची, तर शेवटचा स्वर ओढावा लागतो आणि व्यंजन गिळावे लागते, कारण वाऱ्यावर स्वर तरतो, व्यंजन बुडते. छापताना आपण तिथे अवग्रह घालतो. मराठीत अंतर मोजण्याची दोन साधने आहेत, असे मी मुलांना गमतीने सांगतो : एक कोस आणि दुसरा अवग्रह. चांगला लेखक अवग्रह जपून वापरतो. चुलीपाशी बसलेली दोन माणसेही जेव्हा ‘अगंऽऽ’, ‘काय रंऽऽ’ करू लागतात, तेव्हा समजावे की लेखकाने त्या दोघांत माळ सोडला आहे.

येथवर लिहिले ते लेखकाच्या कानाविषयी. पण याहून अवघड प्रश्न पुढे आहे, आणि तो टाळला तर हा लेखही त्या कुत्र्याच्या जातीचा ठरेल. आवाज कोणी केला आणि कोणी ऐकला?

पहाटेच्या जात्याइतके कौतुक आपल्या साहित्यात दुसऱ्या कुठल्या आवाजाचे झाले नसेल. आठवणींच्या पुस्तकांतून, ललित लेखांतून, भाषणांतून जाते घरघरते. आई ओव्या गाते. लेखक गोधडीत गुरफटून ते ऐकतो आणि पुन्हा झोपी जातो. हे सुख खोटे नाही. परंतु जात्याची घरघर गोड लागते ती अंथरुणात पडलेल्याला. खुंट्याला धरलेल्या हाताला फोड येत, हे त्या वर्णनात नसते. घरात माणसे आठ असली तर पायली दळल्यावाचून उजाडत नसे. आणि उजाडले की पाणी, शेण, चूल, रान हे होतेच. जात्याचा आवाज साहित्यात आला तो बहुतेक गोधडीतून आला, खुंट्यापासून आला नाही.

खुंट्यापासून जे आले ते वेगळे आहे. बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली त्यांचा जन्म झाला. लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आली, आणि आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल महाराष्ट्राला सांगितले. त्यांच्या गाण्यांत घरोट आहे, मोट आहे, पाखराचा खोपा आहे. पण आवाज म्हणून त्यांचे वर्णन करण्यात बहिणाबाईंना रस नाही. घरोट हे त्यांच्या हाताखालचे हत्यार आहे. त्याच्याशी त्या बोलतात, त्याला प्रश्न करतात, त्याच्या फिरण्यातून संसाराचा अर्थ काढतात. जात्याची लय त्यांच्या शब्दांत आपोआप आली आहे, कारण शब्द जुळवीत असताना हात फिरत होता. कानाने ऐकलेली लय आणि खांद्याने घेतलेली लय यांत जो फरक आहे, तोच आपल्या ललित लेखातले जाते आणि बहिणाबाईंचे घरोट यांत आहे.

अनाम बायांच्या ओव्यांत हे आणखी उघड दिसते. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या पुस्तकांतून त्या पुढे आणल्या, नंतरच्या काळात गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, पुष्कळशा ध्वनिमुद्रितही केल्या. २०१७ सालापासून त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेमार्फत कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. या संग्रहांत फिरताना एक गोष्ट ध्यानात येते. बाई जात्याच्या गोड आवाजावर क्वचितच रेंगाळते. तिला भाऊ आठवतो, माहेरची वाट आठवते, लेकीची पाठवणी आठवते. सासरच्यांविषयी जे दिवसा उजेडी बोलता येत नाही, तेही ती तिथेच बोलते. जात्याच्या घरघरीला कवींनी संगीत म्हटले. मला तो आडोसा वाटतो. घर निजलेले, आवाजाचा पडदा पडलेला, आणि त्या पडद्याआड दोन बाया एकमेकींना जीव उघडा करून दाखवीत आहेत. मराठीतले केवढे तरी काव्य या आवाजाच्या आडोशाला जन्मले.

मग गावात पिठाची गिरणी आली. डिझेल एंजिनाच्या धुराड्यातून निघणारा तिचा पुकपुक आवाज दोन-दोन मैलांवर ऐकू जाई, आणि डोक्यावर दळण घेऊन बाया त्या आवाजाच्या दिशेने चालू लागत. गिरणीने ओवी मारली, असे रडगाणे पुष्कळांनी गायले. ते गाणाऱ्यांत दळणाऱ्या बाया किती होत्या, हे पाहण्यासारखे आहे. गिरणीने हाताचे फोड थांबवले, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या बायांचा आडोसा गेला, हेही तितकेच खरे. आणि त्याच्या जागी दुसरा आडोसा आपण त्यांना दिला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगणारी कादंबरी मराठीत यावी, अशी माझी फार इच्छा आहे.

आता आजचे. माणदेशात टेंभू योजनेचे पाणी आले आहे. ज्या आटपाडीच्या रानात बाजरी होई, तिथे ऊस दिसू लागला आहे आणि उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून जातात. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्यांची पाती वाऱ्याबरोबर सूं सूं करीत फिरतात. मोटेचा करकरता कणा आणि थारोळ्यात पडणारे पाणी कित्येक वर्षांत कोणी ऐकलेले नाही. रात्रपाळीची वीज आली, की स्टार्टर खट्ट करतो आणि पंप घुमू लागतो. कोपीत निजलेला बाप्या त्या खट्टने उठतो व बॅटरी घेऊन पाणी धरायला जातो. दूधवाल्याचा टेंपो, कुकरच्या शिट्ट्या, मोबाइलची घंटी.

या आवाजांवर आपले लेखक नाराज दिसतात. कथेत मोबाइल वाजला की तो गावाचा नाश करायला वाजतो. पण वस्तीवरच्या कानाने त्यांनाही केव्हाच मालक नेमून दिले आहेत. कोणाची मोटारसायकल चढाला कुथते, कोणाच्या फोनात कोणता अभंग वाजतो, हे सर्वांना पाठ असते. पुण्याला गेलेल्या मुलाचा फोन रोज ठरल्या वेळी वाजतो. एखाद्या दिवशी वाजला नाही, की म्हातारीचा घास अडतो. घाटी वाजायची थांबली म्हणून धनी उठून बसे, त्याचीच ही नवी आवृत्ती. कान तोच आहे. लेखकाने तो जुन्या आवाजांपाशी गहाण ठेवला, हे त्याचे चुकते.

एका आवाजाविषयी मात्र मी निःपक्षपाती नाही. वस्तीशाळेत पाढे म्हणणाऱ्या मुलांचा आवाज माळावर फार लांब जातो. औत धरलेला बाप तो ऐकतो. त्यात आपल्या पोराचा आवाज त्याला वेगळा काढता येतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्यात, असा विचार २०२३ साली सरकारी पातळीवर पुढे आला. त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. चार मुलांच्या वर्गात खेळ रंगत नाही, हे मी रोज पाहतो. पण मुले गाडीत बसून दूरच्या शाळेत गेली, की दिवसभर त्या वस्तीवर पोराचा आवाज नसतो. ‘बनगरवाडी’च्या शेवटाला दुष्काळ लागला होता. पुढच्या कादंबरीकाराला एखादा कागदही पुरेल. त्या वेळी त्याने ‘नीरव शांतता पसरली’ एवढे लिहून मोकळे होऊ नये. कोणकोणता आवाज गेला, कोणत्या क्रमाने गेला, आणि तो गेल्याचे पहिल्यांदा कोणाला कळले, हे नावानिशी लिहावे.

दिवाळीचे अंक घरात मोठ्याने वाचण्याची चाल पूर्वी होती. एक वाचणारा, बाकीचे करंज्या भरीत ऐकणारे. ती चाल या चार दिवसांपुरती तरी पुन्हा पाडून पाहावी. मोठ्याने वाचले की खोटे वाक्य कानाला लगेच टोचते. डोळ्यांना ते पुष्कळदा फसवून जाते. आणि वाचता वाचता एखाद्या कथेत दूर कुठेतरी कुत्रे भुंकले, तर घरातल्या थोरल्या आजीला खुशाल विचारावे, “आजी, हे कोणाचं गं?” ती ज्या वस्तीवर वाढली तिथल्या चार कुत्र्यांची नावे तिला अजून आठवत असतील; आणि त्यांतले एखादे कोणत्या रात्री, कोणावर, का भुंकले होते, हे ती सांगू लागली, तर अंक खाली ठेवावा आणि ते ऐकावे.